पद्मिनीचं हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा का जातं: तपासणी कुठून सुरू करायची

प्रीमियर पद्मिनी, तिच्याआधीची प्रेसिडेंट किंवा फियाट ११०० डिलाइट यांपैकी एखादी गाडी तुमच्याकडे आहे, हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं, काम होऊन काही महिनेच झालेत आणि गाडी पुन्हा तापायला लागली आहे, अशी स्थिती असेल तर पुढचं नीट वाचा. गेली बरीच वर्षं मी याच इंजिनाची हेडं उतरवतो आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त कामं आधी कुठेतरी ‘झालेली’ असतात. नवीन गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधला सीलचा पातळ थर, पडलेलं असतं, हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, जाऊन आलेलं असतं, आणि तरी गाडी पुण्याजवळचा कात्रजचा घाट चढताना पाणी बाहेर फेकते.

माझं म्हणणं एकच आहे. गॅस्केट आपोआप जात नाही. ते कशामुळे गेलं हे सापडल्याशिवाय नवीन टाकू नका. हेड उतरवणं ही सगळ्यात शेवटची पायरी आहे, आणि गाडी तापते म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत हेडला हात लावायची गरजच नसते.

हे इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन गरम झालं की हेड ब्लॉकवर किंचित सरकतं आणि गार झालं की परत येतं. मध्ये गॅस्केट हे सगळं सोसत असतं. इंजिन ठरलेल्या तापमानात राहिलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. एकदा जरी इंजिन उकळलं तर हेड वाकू शकतं, आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं. त्यामुळे अ‍ॅम्बॅसेडरच्या बिडाच्या हेडवर खपून जाणारा हलगर्जीपणा इथे खपत नाही.

लक्षणं

सगळ्यात भरवशाचं लक्षण सकाळी, गार इंजिनवर दिसतं. रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ आहे का बघा, आणि कुणाला तरी गाडी चालू करायला सांगा. सुरुवातीला एकदोन बुडबुडे येतात, ते सोडून द्या. पण अर्ध्या मिनिटानंतरही बुडबुडे एका लयीत येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. याचीच दुसरी खूण म्हणजे झाकण लावून गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज पाईप दगडासारखा कडक होणं. पाणी अजून गरमच झालेलं नाही, मग दाब आला कुठून? तो सिलिंडरमधूनच येतो.

पाणी कमी होतं पण गाडीखाली थेंब दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. कूलंट असेल तर त्याला गोडसर वास येतो. थंडीत सकाळी दोन मिनिटं येणारी वाफ वेगळी, ती सगळ्याच गाड्यांना येते.

ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी साय जमलेली दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात डेक्कनपासून मंडईपर्यंत आणि परत एवढीच गाडी चालत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या दमटपणामुळे ही साय येते. म्हणून डिपस्टिक काढून बघा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आणि त्याची पातळी नेहमीइतकीच असेल तर घाई नको. डिपस्टिकवरच चहासारखा रंग असेल किंवा पातळी वाढलेली असेल, तर गाडी सुरू करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि मग हेडचं काम पूर्ण इंजिनाचं काम होतं.

गाडी मिसिंग मारते आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमजोर आहेत, म्हणजे एक-दोन, दोन-तीन किंवा तीन-चार. हे दोन बोअरच्या मधली गॅस्केटची पट्टी जळल्याचं लक्षण. यात पाणी कमी होत नाही, धूरही येत नाही, त्यामुळे लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

आणि एक गोष्ट स्वतःला विचारा: गाडी नेमकी कुठे तापते? स्वारगेटच्या सिग्नलला किंवा विद्यापीठ चौकात उभी असताना तापते पण सातारा रस्त्यावर मोकळ्या वेगात ठीक राहते, तर वारा कमी पडतोय. पंखा, बेल्ट, रेडिएटरच्या जाळीतली घाण यांच्याकडे बघा. शहरात ठीक आणि दिवे घाटात किंवा खंबाटकीत तापते, तर रेडिएटर आतून बुजलेला, टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडायची वेळ) चुकलेलं किंवा गॅस्केट गेलेलं. या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मं काम होतं.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

गाडी रात्रभर उभी ठेवा, खाली जुना पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला ते बघा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. ते भोक कुणी एमसीलने बुजवलेलं असेल तर ते बुजवणं हा इलाज नव्हे, पंप उघडावा लागेल. सगळ्या क्लिपा पान्याने एकदा आवळून बघा. गरम इंजिनावर गळती दिसत नाही, कारण थेंब पडायच्या आधी वाळतो आणि फक्त पांढुरका किंवा हिरवा चट्टा उरतो. तो चट्टा शोधा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. कापड धरून सुद्धा नाही.

फॅन बेल्ट बोटाने दाबून बघा. दोन पुलींच्या मध्ये साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त सैल असेल तर पंप आणि पंखा दोन्ही घसरतात. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर ताण देऊन उपयोग नाही, बदला. खालचा होज पाईप इंजिन चालू असताना, ॲक्सिलरेटर दिल्यावर बघा. पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल तर रबर मेलेलं आहे, आणि नेमक्या वेगात असतानाच पाणी अडतं. बाहेरून पाईप चांगला दिसतो म्हणून हा दोष वर्षभर सापडत नाही.

आता प्लग. चारही काढून क्रमाने मांडा. तीन तपकिरी आणि एक एकदम धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं आहे. चारही पांढरे पडले असतील तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हल्ली पंपांवर मिळणाऱ्या, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलमध्ये इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) मिश्रण आणखी पातळ होतं आणि गाडी गरम चालते. जेट बदलायचा निर्णय प्लगचा रंग बघूनच घ्या. प्लगच्या वायरींवर आधी नंबर लिहा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे.

थोड्या पैशातल्या तपासण्या

रेडिएटरचं झाकण. आतली स्प्रिंग दाबून बघा, रबरी वायसर कडक किंवा चिरलेला आहे का बघा. ही वस्तू लहान दिसते, पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण दाब धरतं म्हणून उकळबिंदू वर जातो, एक पीएसआय दाबाला साधारण दीड अंश. झाकण दाब धरत नसेल तर घाटात पाणी लवकर उकळणारच. नवीन घेताना गाडीला मुळात जेवढ्या दाबाचं होतं तेवढ्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुना पितळी रेडिएटर शिवणीवर फुटतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. पुण्यातल्या अर्ध्या पद्मिनींत तो नसतोच, कुणीतरी ‘आपल्याकडे गरमीत लागत नाही’ म्हणून काढून टाकलेला असतो. हे मला मान्य नाही. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन तापायला फार वेळ घेतं, ऑइलमधली वाफ निघून जात नाही, ऑइलच्या झाकणाखाली साय धरते आणि बोअर लवकर झिजतात. असेल तर काढून पातेल्यात पाण्यात टांगा, थर्मामीटर लावा आणि गॅसवर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पुरता उघडला पाहिजे. अर्धवट उघडून अडकत असेल, तर तेवढं एकच कारण तुमच्या सगळ्या त्रासाला पुरेसं आहे.

इग्निशन टायमिंग. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट फीलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी, लावा, मग टायमिंग लावा. उलट क्रमाने नाही. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे नंतर फट लावली तर लावलेलं टायमिंग बिघडतं. टायमिंग मागे असेल तर इंजिन तापतं आणि ओढत नाही. पुढे असेल तर चढावर टिकटिक वाजतं, आणि ती टिकटिक म्हणजे दर ठोक्याला गॅस्केटवर हातोडा. दोनचार घाट तसे चढलात तर नवीन गॅस्केटही जातं. पुन्हा पुन्हा गॅस्केट जाणाऱ्या गाड्यांत हे कारण फार आढळतं, आणि ते हेड न उतरवता सापडतं.

रेडिएटर. इंजिन गरम करून बंद करा, पंखा थांबू द्या आणि जाळीवरून हात फिरवा, चटका लागणार नाही इतपत जवळून. मध्येच गार पट्टा लागला तर त्या नळ्या बुजलेल्या आहेत. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा भागांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरांत क्षारांचा थर हमखास बसलेला असतो. पावडर टाकून धुण्यापेक्षा रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून. बाहेरून दिसणारी माती उलट्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढा. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्याने पात्या आडव्या होतात.

गेज लावून

कॉम्प्रेशन गेज विकत घ्या किंवा मागून आणा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची तार काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या, चारपाच. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दोन शेजारी कमी असतील तर गॅस्केट. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

त्याच्याही पुढची खात्री कॉम्प्रेसरची हवा देऊन होते. सिलिंडर वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. फुसफुस कार्बोरेटरमध्ये ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर मधली पट्टी. फक्त सिलिंडर नेमका वर नसेल तर हवेने इंजिन फिरतं, म्हणून पंख्याजवळ हात ठेवू नका.

रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळं रसायनही मिळतं. सिलिंडरमधला गॅस लागला की ते पिवळं पडतं. संशय अर्धवट असेल तर ते वापरा.

इथपर्यंत गॅस्केट, व्हॉल्व्ह किंवा हेड यांच्याकडे बोट दाखवणारं काही सापडलं नसेल तर हेड उतरवू नका.

हेड उतरवताना

इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर गार झालेलं. गरम अ‍ॅल्युमिनियमवरचा दाब एकदम काढला तर ते तिथेच वाकतं. रॉकरचा दांडा आधी काढा, पुशरॉड पुठ्ठ्याला नंबर लिहून भोकं पाडून त्यात खोचा. प्रत्येक पुशरॉड आपल्या जागी झिजलेला असतो. हेडचे नट-बोल्ट आवळायच्या क्रमाच्या उलट, बाहेरून आत, प्रत्येकी थोडे थोडे सैल करा.

हेड निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. एक ओरखडा पडला की तिथून गळती सुरू. स्टडवर गंज आणि अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा क्षार घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. तरी नाही निघालं तर नट सैल ठेवून, काढायचे नाहीत, प्लग बसवून आणि कॉइलची तार काढून स्टार्टर मारा. कॉम्प्रेशनच हेड सैल करतं.

जुनं गॅस्केट फेकू नका, उजेडात धरून नीट वाचा. काळा मार्ग कुठून कुठे गेलाय, गंजाचा ओघळ कुठल्या भोकापासून सुरू झालाय, कुठल्या भागावर दाब पडल्याची खूणच नाही. पुढची सगळी तपासणी त्याच जागेभोवती करायची असते. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं खरवडू नका आणि हवेने उडवू नका. ओलं करून काढा, मास्क लावा.

ब्लॉककडे कोण बघतं?

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण पुन्हा पुन्हा जाणाऱ्या गॅस्केटचं कारण बहुधा इथे असतं. कर्वेनगरच्या एका काकांची पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा तिचं हेड एकाच वर्षात वेगवेगळ्या ठिकाणी उतरलेलं होतं. मी विचारलं, “काका, बोल्टची भोकं कुणी साफ केली होती का?” काका म्हणाले, “हेड दर वेळी फेसिंगला जायचं बघ. ब्लॉककडे कुणी पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.”

ब्लॉक स्वच्छ केला आणि भोकांच्या कडेवरून सरळ पट्टी सरकवली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भोकाशी ती अडली. डोळ्याला दिसत नव्हतं, नखाला लागत होतं. वारंवार ताणून आट्यांच्या तोंडाशी बीड वर ओढलं गेलं होतं आणि भोकाभोवती बारीक कड उठली होती. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) म्हणायचा आवळलंय. प्रत्यक्षात सगळा दाब त्या कडेवर पडत होता आणि शेजारची बोअरमधली पट्टी मोकळी राहत होती. जुनं गॅस्केट नेमकं तिथेच जळलेलं होतं. कड सपाट केली, भोकाच्या तोंडाला हलका उतार दिला, आटे टॅप फिरवून साफ केले. हेडला हातही लावावा लागला नाही, ते सरळच होतं.

म्हणून हेड फेसिंगला पाठवण्याआधी ब्लॉकवर पट्टी ठेवा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत, खाली फीलर गेज घालून. आरपार नसलेल्या भोकांत पाणी किंवा ऑइल साचलेलं असेल तर ते शोषून घ्या, हवेने वाळवा. तळाशी द्रव असेल तर बोल्ट त्यावर टेकतो, पाना खोटा टॉर्क दाखवतो, आणि जोर लावला तर ब्लॉकला तडाही जातो. घाणेरड्या आट्यांचंही तेच. अर्धा जोर घर्षणात जातो आणि हेडवर दाब पडतच नाही. बोल्ट किंवा स्टड मानेशी बारीक झालेले दिसले तर नवीन घ्या.

हेड: मोजल्याशिवाय फेसिंग नाही

तीच पट्टी हेडवर. चांगली मशीनची पट्टी हवी, शाळेची नव्हे. या लांबीच्या हेडला ०.०५ मिमीपर्यंतचा बाक मी चालवतो. ०.१० मिमीच्या पुढे फेसिंग. मधल्या प्रकरणांत बोअरच्या मधली पट्टी सरळ आहे का ते बघून ठरवतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. पाण्याच्या भोकांभोवती अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलंय का ते बघा. खड्डा गॅस्केटच्या कडेपर्यंत पोचला असेल तर कितीही आवळा, पाणी निघणारच. तिथे आर्गॉन वेल्डिंग करून मग फेसिंग करावं लागतं.

लेथवाल्याला ‘फेसिंग करून दे’ एवढंच सांगू नका. तो सफाई दिसेपर्यंत घेत जातो, त्याची चूक नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. हेडची जाडी चारही कोपऱ्यांत मोजून कागदावर लिहा आणि सांगा, सरळ होण्यापुरतं कमीत कमी घ्या आणि परत मोजून द्या. का, ते आकड्यात बघा. एका सिलिंडरची क्षमता २७२ सीसी. कॉम्प्रेशनचं प्रमाण ८:१, म्हणजे आठ भाग हवा एका भागात दाबली जाते असं धरलं तर वर उरणारी जागा ३९ सीसीच्या आसपास. अर्धा मिमी घासला की त्यातली दीडेक सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ८.३ च्या जवळ पोचतं. दोनतीन वेळा असं झालेलं हेड चढावर टिकटिक वाजणार, आणि टिकटिक पुन्हा गॅस्केट घेऊन जाणार. आधी किती वेळा फेसिंग झालंय हे कळायला दुसरा मार्ग नाही, जाडीच मोजावी लागते.

तड्यांसाठी व्हॉल्व्हच्या दोन सीटच्या मधली जागा आणि प्लगचं भोक आधी बघा. लाल रंग आणि पांढरी पावडर लावून करायची तपासणी भोसरीकडच्या वर्कशॉपमध्ये होते. चुंबकाची तपासणी अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही, कुणी सुचवली तर पुढे जा. इंजिन एकदा जरी उकळलं असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्याच. पाण्याची भोकं पट्ट्यांनी बंद करून, आत हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवतात. गरम पाण्यातच, काही तडे गार असताना मिटलेले असतात.

व्हॉल्व्हचं काम याच वेळी उरकून घ्या. हेड उलटं ठेवा, प्लग बसवा, चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि पोर्टमध्ये ओल येते का बघा. व्हॉल्व्ह गाईडमध्ये डुगडुगत असेल तर गाईड आधी, सीट नंतर. सीट गाईडचा मध्य धरूनच कापतात. उलट क्रमाने केलं तर सीट वाकडी बसते आणि व्हॉल्व्ह महिन्याभरात जळतो. सीटची रिंग हेडमध्ये सैल झाली असेल तर ती ठोकून बसवून चालत नाही, मोठ्या मापाची नवीन घालावी लागते. २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे नवीन सीट कठीण धातूचीच मागा. स्प्रिंगा शेजारी उभ्या ठेवून उंची मिळवा. बुटकी निघाली ती बदला.

परत बसवताना

नाना पेठेत गॅस्केट घेताना जुनं बरोबर न्या आणि प्रत्येक भोक जुळवा. नवीन गॅस्केटला दुमड पडलेली असेल तर घेऊ नका. शेलॅक, सिलिकॉन काही लावायचं नाही, बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा, मग बोट लावू नका.

आवळायचं मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. अंदाजाने नाही, हात कितीही बसलेला असला तरी. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. आटे कोरडे की तेलाचे हेही तिथेच दिलेलं असतं आणि त्याने खूप फरक पडतो. मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, लावा.

पाण्याच्या जागी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बीड, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं-पितळ हे तिन्ही एकाच पाण्यात बुडालेले असतात आणि साध्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात आधी खाल्लं जातं. पुण्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको हा हिशेब चुकीचा आहे, आपल्याला त्यातलं गंजरोधक हवं असतं. नळाचं खडकवासल्याचं पाणी बोअरपेक्षा बरं, तरी डिस्टिल्डच घ्या. भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हवा निघून जाईल.

गाडी तापू द्या, पूर्ण गार होऊ द्या, हेड पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा लावा. हेड आवळलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून दोन्ही एकत्रच. पाचशेएक किलोमीटरनंतर परत एकदा. गिऱ्हाईक याच वेळी यायचं टाळतं, गाडी छान चाललेली असते ना. पण गॅस्केट दबून बसायला तेवढी धाव लागते, आणि हे राहिलं की वर केलेलं सगळं वाया जातं.

इथे थांबा

खाली दिलेल्यांपैकी काही दिसलं तर घरचं काम थांबवून इंजिनवाल्याला किंवा मशीन शॉपला गाठा. ऑइलमध्ये पाणी असताना गाडी चाललेली आहे किंवा खालून ठकठक येते: खालचं ऑइल चेंबर उतरवून बेअरिंग बघावी लागतील. बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला: ड्रिल वाकडं गेलं तर ब्लॉक जातो, हे काम मशीनवर सोपं आणि घरी अवघड आहे. आटे गेले: जाड बोल्ट घालू नका, आट्यांची स्प्रिंग घालून घ्या. ब्लॉकची वरची बाजूच वाकडी आहे किंवा बोअरमध्ये तडा आहे: इंजिन बाहेर काढावं लागेल. हेडला सीटपाशी तडा आहे: आधी वेल्डिंग होईल का ते विचारा, नाही म्हटलं तर दुसरं हेड शोधा. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात किंवा भंगारात हेड मिळतं, पण प्रेशर टेस्ट आणि जाडी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाल तेव्हा आकडे घेऊन जा: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, हेडचा बाक कुठे किती, जाडी किती, आणि ते जळकं गॅस्केट. गाडी कुठे तापते आणि किती वेळाने तापते हेही लिहून न्या. चांगला मिस्त्री आधी हेच विचारेल.